तिला विचारायला कुणी शिकवलं

माझी बायको वारली तेव्हा मुलगी दुसरीत होती, आणि तिला हे सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. संभाजीनगरच्या दवाखान्यातून गाडी थेट आमच्या गावाकडं, वडीगोद्रीच्या पुढं गेली. मुलगी त्या दिवसांत परतूरला माझ्या बहिणीकडं होती. पोरीजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून बहीणही मातीला आली नाही. दहावं-तेरावं उरकून मी परतूरला गेलो तर मुलगी ओट्यावर खेळत होती. मला बघून म्हणाली, "मम्मी कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण बाहेर आली. "मम्मीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. तिथं टाइम लागतो."

मुलगी माझ्या डोक्याकडं बघत होती. "पप्पा, तुम्ही टक्कल का केलं?"

"ऊन लई होतं," बहीण म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात माझी बायको पुण्याला होती.

बहिणीबद्दल आधी सांगितलं पाहिजे. मी तिला अक्का म्हणतो. आमची आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो आणि अक्का आठ वर्षांची. मला दूध पाजणं, कडेवर घेऊन फिरणं, शाळेत नेऊन बसवणं, सगळं तिनं केलं. तिची स्वतःची शाळा तिथंच सुटली. पुढं लग्न होऊन ती परतूरला गेली. मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा तिनं परतूरचं घर दिराच्या हवाली केलं आणि एक पिशवी घेऊन जालन्याला आली. मी तिला बोलावलंही नव्हतं. ती आली नसती तर माझ्या लेकराचे काय हाल झाले असते मला माहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात ती वाईट वाटेल. ती वाईट नाही.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो, एका धान्याच्या ठोक दुकानाच्या वर, दोन खोल्यांत. दोन गल्ल्या सोडून कपड्यांचं मोठं दुकान आहे, तिथं मी गादीवर असतो. ताके उलगडून गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे, हे माझं काम. दुकानाचे शेठ मूळचे राजस्थानचे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मुलगी जाते त्या शाळेच्या संस्थेवरही ते आहेत.

मरण लपवायला किती कष्ट पडतात ते त्या वर्षात कळलं. हार घातलेला फोटो दिसला तर पोरीला समजेल म्हणून बायकोचा फोटोच लावला नाही. तिच्या साड्या अक्कानं बांधून गावाकडं पाठवल्या. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना ती जिन्यातच गाठायची आणि खालच्या आवाजात सगळं समजावून सांगायची. लोक जिन्यात रडून घ्यायचे, डोळे पुसायचे, मग वर येऊन पोरीला म्हणायचे, "काय गं, अभ्यास करती ना?" मुलीनं फोन लावा म्हटलं की अक्का म्हणायची, तिथं मोबाईल चालत नाही. मुलीच्या वाढदिवसाला अक्कानं मला दुकानातून कापड आणायला लावलं. पिवळ्या रंगाचं, त्यावर बारीक पांढरी फुलं. तिनं शेजारच्या बाईकडून फ्रॉक शिवून घेतला आणि पोरीला सांगितलं, मम्मीनं पुण्याहून पाठवला.

मुलीनं फ्रॉक घातला. त्यानंतर तिनं मम्मीचं विचारणं बंद केलं. अक्का म्हणाली, "बघ, रुळली की न्हाई." पण मुलीचं पोट रोज सकाळी दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. ती जेवताना घास तोंडात धरून बसायची. मी दुकानातून यायला उशीर झाला तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली असायची आणि मला बघून काही न बोलता आत जायची.

मी सांगायचं ठरवायचो. रविवारी सांगू, सुट्टीत सांगू. पण तोंडातून काही निघत नव्हतं.

मुलगी तिसरीत गेली. तिच्या शाळेत एक नव्या मॅडम आल्या होत्या, तरुण, अंबडकडच्या. त्यांनी व्हरांड्यातलं लोखंडी कपाट साफ करून त्यात गोष्टींची पुस्तकं लावली होती आणि दर शनिवारी त्या मुलांना एकेक पुस्तक घरी न्यायला द्यायच्या. मुलगी पुस्तकं आणते हे मला माहीत होतं. काय आणते ते मी कधी बघितलं नव्हतं.

एका रविवारी अक्का परतूरला गेली होती, दिराच्या मुलीच्या लग्नाची सुपारी होती म्हणून. मी गच्चीवर कपडे धूत होतो. मुलगी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून पुस्तक मोठ्यानं वाचत होती. मला वाटलं, स्वतःसाठी वाचतेय. मी नळाच्या आवाजात अर्धंमुर्धं ऐकत होतो.

गोष्ट अगदी साधी होती. एक मुलगा आणि त्याचे वडील. मुलाची आई मेलेली आहे. वडिलांना वरण करता येत नाही, ते पातळ होतं, दोघं ते तसंच खातात. शेजारीण येऊन सांगते की आई लांबच्या गावाला गेलीय. मुलगा रोज दारात उभा राहतो. मग एक दिवस वडील त्याच्याजवळ बसतात आणि म्हणतात, आई लांब गेलेली नाही, आई मेली, ती येणार नाही, मलाही फार वाईट वाटतं. दोघं रडतात. त्यानंतर मुलगा दारात उभा राहत नाही. तो वडिलांना वरण कसं करायचं ते सांगतो, कारण त्यानं आईला करताना बघितलेलं असतं. गोष्ट तिथंच संपते.

मी नळ बंद केला होता. केव्हा बंद केला ते आठवत नाही.

मुलीनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "पप्पा, मम्मी मेली का?"

माझे हात साबणाचे होते. मी म्हणालो, "हो."

"कधी?"

"तू परतूरला होतीस तेव्हा."

"टक्कल केलं तेव्हा?"

"हो."

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "फ्रॉकचं कापड तुमच्या दुकानातलं होतं. मी ताका बघितला होता, मागच्या कप्प्यात."

मी तिच्याजवळ गेलो. ती रडली. इतकं लहान लेकरू इतका वेळ रडू शकतं हे मला माहीत नव्हतं. मीही रडलो. वर्षभर मी न्हाणीघरात, दुकानाच्या गोदामात, कुठं कुठं लपून रडलो होतो. उन्हात, उघड्यावर, तिच्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. मग तिला भूक लागली. मी पोहे केले आणि तिनं दोनदा मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मम्मीला भेंडी आवडायची का, मम्मी मला काय म्हणून हाक मारायची, ती काहीबाही विचारत राहायची आणि मी सांगत राहायचो. बायको गेल्यावर आमच्या घरात बरे दिवस आले असतील तर ते तेवढेच.

अक्का परत आली तेव्हा मुलगी दारातच तिला म्हणाली, "आत्या, मम्मी मेलीय. मला माहितीय आता."

अक्कानं हातातली पिशवी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

मी म्हणालो, "मी सांगितलं, अक्का."

पण मुलगी तेवढ्यात आत पळाली होती. ती पुस्तक घेऊन आली. तिला वाटलं, आत्यानं वाचलं तर आत्यालाही बरं वाटेल. "यात आहे," ती म्हणाली. "तुला वाचून दाखवू का?"

अक्काला थोडंफार वाचता येतं. ती खाटेवर बसली आणि एकेक पान उलटत चित्रं बघत गेली. वडील मुलाजवळ बसलेत त्या पानावर फार वेळ थांबली. मग पुस्तक बंद करून तिनं ते पदराखाली धरलं, एखादी वस्तू लेकरापासून लपवावी तसं.

"अक्का, सांगितलं तर मी," मी पुन्हा म्हणालो. "पुस्तकानं काय केलं?"

"तू न्हाई सांगितलं. वर्षभर तुझ्या तोंडून निघालं न्हाई. तिनं विचारलं म्हणून तू बोलला." तिचा आवाज चढला नव्हता. "तिला विचारायला कुणी शिकवलं?"



दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेल्यावर अक्का शाळेत गेली. काय झालं ते मला नंतर मॅडमकडून कळलं. अक्कानं शिवीगाळ केली नाही. ती मुख्याध्यापकांसमोर पुस्तक ठेवून एवढंच म्हणाली, "आईविना लेकरू आहे, मी त्याला कसंबसं जपून राह्यले, आणि तुम्ही हे देता." बोलता बोलता तिला भोवळ आली. शिपायानं पाणी आणलं. शाळा सुटायची वेळ होती, पोरांना न्यायला आलेल्या बाया फाटकाशी होत्या. त्यांनी अक्काला बसवलं, विचारपूस केली, पुस्तक हातोहात फिरलं. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, तिसरीच्या लेकरांना हे शिकवतात.

मी मॅडमला भेटायला गेलो. त्या एकट्याच वर्गात वह्या तपासत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला माफी मागता? मला तुमच्या घरचं माहीत नव्हतं. ती म्हणायची, मम्मी पुण्याला आहे. मी तेच खरं धरलं."

"तुम्ही ते पुस्तक तिला दिलं कसं?"

"मी न्हाई दिलं. तिनं काढलं. तीन-चार शनिवार ती तेच पुस्तक परत मागत होती. मी म्हटलं, दुसरं घे ना गं. म्हणाली, हेच पाहिजे."

म्हणजे माझी मुलगी ते पुस्तक दप्तरात घेऊन कितीतरी दिवस माझ्या आसपास फिरत होती. मी कधी एकटा सापडतो याची वाट बघत होती.

त्या आठवड्यात ग्रुपवर रोज नवीन काहीतरी येत राहिलं. एका बाईनं लिहिलं, तिचा मुलगा तिला न्हाणीघरात जाऊ देत नाही, बाहेर बसून राहतो, तू मरशील का म्हणून विचारतो. त्यावर खूप जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मग लोकांनी आपापल्या मुलांच्या दप्तरांतली पुस्तकं काढून बघायला सुरुवात केली. एका पुस्तकात पोरगा उकडलेलं अंडं खात होता, ते कुणाला चाललं नाही. एका पुस्तकात पोरगी आईला उलट बोलत होती. एका पुस्तकात राजा झोपेत घोरत होता आणि प्रजा हसत होती, त्यावर कुणी काय आक्षेप घेतला ते मला आजही नीट समजलेलं नाही. कपाटाला कुलूप लागलं.

मी शेठकडं गेलो. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा ते लोडाला टेकून बसतात. मी समोर बसलो आणि पहिल्यांदाच कामाचं सोडून त्यांच्याशी बोललो. फ्रॉकचं सांगितलं, गच्चीवरचं सांगितलं, पोट दुखायचं थांबलं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ," ते म्हणाले, "मी ते पुस्तक वाचलं न्हाई. वाचायचं कारणही न्हाई. चांगलंच असंल. पण घरोघरी लेकरं विचारून राह्यली, अन् मायबापाला उत्तर येत न्हाई. मायबाप मंग शाळेत येणार का न्हाई? सांगा तुम्ही."

"उत्तर येत नाही हा पुस्तकाचा दोष आहे का?"

"दोष कुणाचाच न्हाई. पण कुलूप कपाटालाच लावता येतं." त्यांनी लोड सरकवून घेतला. "आन् तक्रार कुठून आली? तुमच्याच घरून. बहिणीला म्हणा, गैरसमज झाल्ता, तक्रार मागं घेते. उद्या कपाट उघडतो. बिलकुल उघडतो."

मला वाटलं, मार्ग निघाला.

अक्का तांदूळ निवडत बसली होती. मुलगी खाली शेजारणीकडं खेळायला गेली होती. मी म्हणालो, "अक्का, तिचं पोट दुखायचं थांबलंय. ती जेवतेय. तुला दिसत न्हाई का? तू फक्त एवढं सांग, की पुस्तकाबद्दल काही म्हणणं न्हाई."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं."

"काय?"

"माय गेली तेव्हा. मला सांगितलं होतं. चुलतीच्या लेकरांना दूर नेलं अन् मला जवळ बोलावलं, मोठी म्हणून. चुलती म्हणाली, तुझी माय मेली, आता रडायचं न्हाई, हे लेकरू घे. अन् तू माझ्या हातात दिला. तू भुकेला होता, ओरडून राह्यल्ता. मी रडले न्हाई. मायला उचललं तेव्हा न्हाई, नंतर न्हाई. आजपर्यंत न्हाई." तिनं ताट खाली ठेवलं. "आठ वर्षाची होते. हिच्याएवढीच. मला कळून काय झालं माझं, सांग. एक वर्ष तरी मला कुणी म्हणलं असतं, तुझी माय यात्रेला गेली, येईल. एक वर्ष तरी मी खेळले असते."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कधीच नाही. मी तिच्या मांडीवर वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं.

"पोरीला मी एक वर्ष दिलं," ती म्हणाली. "अजून देणार होते."

मी तिला काय म्हणणार होतो? की तुला ज्यांनी सांगितलं त्यांनी तुझ्याजवळ बसून सांगितलं नाही, तुझ्याबरोबर कुणी रडलं नाही, म्हणून ते तसं झालं? आज मला ही वाक्यं सुचतात. त्या दिवशी मी फक्त तिच्या हातांकडं बघत राहिलो. तक्रार मागं घे असं मी पुन्हा म्हणू शकलो नाही.

शाळेत पालकांची सभा झाली. मी गेलो. अक्का आली नाही. वर्गात बाकांवर मोठी माणसं गुडघे मोडून बसली होती. न्हाणीघराबाहेर बसणाऱ्या मुलाची आई उठली आणि बोलता बोलता रडायला लागली. ती खोटं रडत नव्हती. तिचा मुलगा खरोखर घाबरला होता आणि तिला त्याला काय सांगावं हे खरोखर कळत नव्हतं. मला तिच्याबद्दल राग येईना. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझी मुलगी वर्षभर खोट्यावर जगत होती. तिला खरं या पुस्तकामुळं कळलं. तिला बरं वाटलं. मी बाप आहे तिचा, मी सांगतोय." मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "तुमच्याच ताई आल्त्या ना तक्रार घेऊन? आधी घरी एकमत करा." कुणी हसलं नाही. मी खाली बसलो.

मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तकं मी निवडली. पुस्तकांवर का राग काढता, मला ओरडा." त्यांना कुणी ओरडलंही नाही. पुस्तकं खोक्यांत भरून संस्थेच्या कार्यालयात नेली, तपासून परत देऊ म्हणाले. परत आली नाहीत. पुढच्या जूनमध्ये मॅडमही शाळेत नव्हत्या. अंबडला गेल्या असं कळलं.

मुलीच्या वर्गातल्या एका मुलीनं तिला सांगितलं, तुझ्यामुळं शनिवारची पुस्तकं बंद झाली. हे मला खूप नंतर समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की ती पुन्हा गप्प झाली.

मग एकदा ती माझ्याबरोबर किराणा दुकानात आली होती. तिथं एक ओळखीची म्हातारी भेटली, तिला आमचं काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "आई कशी आहे गं?" मुलगी म्हणाली, "मम्मी पुण्याला आहे. दवाखान्यात."

मी हातातली पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला तिच्यासमोर उकिडवा बसलो. ऑटोवाले हॉर्न वाजवत जात होते. "असं का सांगितलं बेटा? तुला माहितीय ना?"

"माहितीय."

"मंग?"

"मम्मी मेली म्हटलं की आत्याला चक्कर येते. मॅडमना पण बोलणी बसली." ती मला समजावत होती, लहान मुलाला समजावावं तशी. "पुण्याला आहे म्हटलं की कुणाला काही होत न्हाई."

घरीही तिनं तेच सुरू केलं. जेवताना ती अक्काला विचारायची, "आत्या, मम्मीचा फोन आल्ता का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा अक्काच्या हातातली पळी थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. सुटका झाल्यासारखं काहीतरी. "आल्ता ना," ती म्हणाली. "तू शाळेत होती. तब्येत सुधरून राह्यली म्हणे." मुलीनं मान डोलावली आणि घास घेतला. अक्काला काय वाटलं, पोर खरंच विसरली? का अक्कालाही सगळं कळत होतं आणि तीही पोरीसाठी बोलत होती? मी विचारलं नाही. मी त्या दोघींच्या मध्ये बसून भाकरी खात राहिलो. एकदा मी ताटावरून उठून गेलो तर मुलगी माझ्या मागं आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, असं उठू नका. आत्याला कळंल."

पुस्तकाची दुसरी प्रत मी शोधली. संभाजीनगरला जाऊन दुकानं पालथी घातली. एकानं सांगितलं, ते आता छापत नाहीत. मिळालं असतं तरी त्याचं काय करणार होतो, हे मला माहीत नव्हतं. मुलगी आता पाचवीत आहे. शाळेच्या कपाटात नवीन पुस्तकं आलीत, कडक पुठ्ठ्याची, संस्काराची. ती एकही घरी आणत नाही. सकाळी पोट दुखतं. त्याची आता सगळ्यांना सवय झालीय.

या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला गावाकडं नेलं. अक्काला सांगितलं, दुकानाच्या कामाला जातोय, पोरीला फिरवून आणतो. शेताच्या कडेला नाल्याजवळ बाभळी आहेत, तिथं आम्ही बायकोला अग्नी दिला होता. आता तिथं काही खूण नाही. बाजूला मोसंबीची बाग आहे, शेजाऱ्याची, ठिबकची नळी नाल्यापर्यंत आलीय.

"इथं?" मुलगी म्हणाली.

"इथं."

तिनं जागा नीट बघून घेतली. "कोणती साडी होती?"

"हिरवी."

"कोण कोण रडलं?"

"सगळेच."

"मी न्हाई रडले."

"तू नव्हतीस ना बेटा."

"तेच," ती म्हणाली.

आम्ही वडीगोद्रीहून एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली होती. अंबड मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग तशीच बाहेर बघत तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही मेलात तर मला कोण सांगंल?"

मी म्हणालो, "मी इतक्यात मरत न्हाई."

"मेलात तर."

"आत्या सांगंल."

ती माझ्याकडं वळली. रागावलेली नव्हती. माझी कीव आल्यासारखं, अगदी शांतपणे ती म्हणाली, "न्हाई. आत्या न्हाई सांगणार."

मी कंडक्टरला उगीच सुट्ट्या पैशांचं विचारलं.

जालन्याला उतरून घरी आलो तर अक्का जिन्यात उभी होती. आम्हाला उशीर झाला होता आणि ती काळजीत होती. तिनं पोरीचा चेहरा पदरानं पुसला. "किती धूळ ही. कुठं गेल्ते गं?"

"मोंढ्याच्या बाजारात," मुलगी म्हणाली. "पप्पाचं काम होतं." मग चपला काढताना तिनं विचारलं, "आत्या, फोन आल्ता का?"